ताईच्या नावाची कॅसेट

आयर्लंडची ती मुलगी आधी माझी मैत्रीण होती. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे घरातले सगळे ते विसरले.

मी अकरावीत होते. एका इंग्रजी मासिकातल्या पत्रमैत्रीच्या रकान्यातून मी तिचा पत्ता उतरवून घेतला, तिच्या गावापुढेही समुद्र आहे एवढ्याच कारणाने. तीन-चार पत्रं झाल्यावर तिने एक कॅसेट पाठवली. एका बाजूला तिच्याकडच्या तरुण मुलांचा बँड, गाणी जुनीच पण गिटार आणि ड्रमवर. दुसऱ्या बाजूला तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात टेप केलेलं घरच्यांचं गाणं-वाजवणं. काका व्हायोलिन वाजवत होते, आत्या कुठल्याही साथीशिवाय त्यांच्या जुन्या भाषेत गात होती आणि आजोबा एक लहानशी पेटी वाजवत होते. ती दोन्ही हातांत धरून भाता ओढायचा-दाबायचा, हे तिने पत्रात चित्र काढून दाखवलं होतं. मध्येच कुत्रा भुंकायचा, कपबशा वाजायच्या.

मामाने मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर आमच्या माजघरात होता. अण्णा कचेरीत आणि आई जरा आडवी झालेली, अशा वेळी मी कॅसेट लावायची. आत्याचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून दार लोटून घेतलं. एक शब्द कळत नव्हता, तरी कॅसेट मागे फिरवून तेच पुन्हा लावलं. सबंध रत्नागिरीत हे गाणं ठाऊक असलेली मी एकटीच, याचा मला गाण्याइतकाच आनंद होता.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बायकांच्या भजनाला ती पेटीची साथ करायची, कुणाकडे न शिकता. मला मात्र दोन वर्षं गाण्याच्या क्लासला घातलं होतं आणि शेवटी तिथल्या बाईंनी आईला सांगितलं होतं, "हिला अभ्यासच करू दे."

एकदा ताई नारळ खवता खवता तशीच माजघरात आली. "गो, ते आजोबांचं पुन्हा लाव."

मी नाइलाजाने लावलं. तिने हात पुसले, पेटी पुढ्यात घेतली आणि ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

"दादराच आहे," ती म्हणाली, "फक्त पळत सुटलाय. आपल्या खेळ्यांच्या चाली अशाच असतात की."

आतून आई म्हणाली, "काय गोड वाजवलंस गो!" मी दोन महिने तीच कॅसेट लावत होते, तेव्हा आई फक्त आवाज कमी कर म्हणायची.

आजोळी, संगमेश्वराकडे, शिमग्यात दारोदार नाचत-गात खेळे यायचे. त्यांची एक चाल ताईने पेटीवर वाजवून टेप केली आणि मीच ती आयर्लंडला धाडली. अशी बहीण असल्याचं थोडं कौतुक माझ्याही वाट्याला येईल, असं वाटलं होतं. उत्तर चार पानी आलं. माझ्याबद्दल वरच्या दोन ओळी, बाकी सगळं ताईबद्दल. पुढची पत्रं तर ताईच्याच नावाने येऊ लागली. मी फाटकात उभी असले तरी पोस्टमन म्हणायचा, "ताईंचं आयर्लंड आलंय, त्यांना द्या हां."

शिवाय ताईचं इंग्रजी कच्चं. तिची उत्तरं मीच लिहायची. ती सुरांबद्दल, भात्याबद्दल सांगत जायची आणि मी ते इंग्रजीत घालायची. खाली सही तिची.

दिवाळीनंतर ताई चार दिवस देवरूखला मावशीकडे गेली होती. त्याच दिवसांत तिच्या नावाचं आयर्लंडचं पार्सल आलं. मी सही करून घेतलं आणि कुणाला न सांगता माझ्या ट्रंकेत दहावीच्या पुस्तकांखाली ठेवलं. ती आली की देऊ, असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं. ती आली, आणि दिलं नाही.

घरचे सगळे पावसला मुंजीला गेले तेव्हा डोकं दुखतंय सांगून मी मागे राहिले आणि ती कॅसेट ऐकली. आजोबा आमच्या खेळ्यांची चाल वाजवत होते. एका जागी चुकत होते. शेवटी त्यांनी ताईचं नाव घेतलं, वेडंवाकडं पण प्रेमाने, आणि विचारलं, "बरोबर आहे का? मला कळव." मी कॅसेट काढून परत पुस्तकांखाली ठेवली.

पार्सलाला उत्तर गेलं नाही म्हणून तिकडूनही पुढे पत्र आलं नाही, आणि ताई वाट बघत राहिली. "त्यांना आवडलं नसेल," एवढंच एकदा म्हणाली. आपण होऊन पुन्हा लिहायचा तिचा स्वभाव नव्हता. हळूहळू तिने त्या चाली वाजवणं सोडलं. ते मला दिसत होतं.

वैशाखात तिचं लग्न झालं. गणपतीला माहेरी आली, तेव्हा मी पार्सल तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे कधी आलं?"

"तू देवरूखला होतीस तेव्हा."

तिने टपालाचा शिक्का पाहिला. "तू ऐकलीस?"

"हो."

ती आता रागावेल, याची मी वाट बघत होते. तिने कॅसेट लावली. आजोबा चुकले तिथे तिचा हात आपोआप पेटीवर गेला आणि तिने बरोबर सूर दाबला. ऐकून संपल्यावर म्हणाली, "कागद आण. पार्सल उशिरा मिळालं, असं लिही."

मी लिहिलं. कोणामुळे, ते तिने सांगितलं नाही आणि मीही घातलं नाही. सोबत तिने ती जागा सावकाश वाजवून पाठवली.

दोन महिन्यांनी मुलीचं पत्र आलं. आजोबांची बोटं आता वळत नाहीत, पेटी काकांकडे दिली आहे. पण ताईची कॅसेट त्यांनी ऐकली आणि आपली चूक कळल्यावर खूप हसले. मी ते पत्र ताईला सासरी वाचून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "वाजवता येत होतं तेव्हा मिळायला हवी होती गो त्यांना," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तिच्या सासरी टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून कॅसेट माझ्याकडेच राहिली. अधूनमधून लावते. आजोबा तिचं नाव घेतात तिथे अजूनही माझं बोट बंद करायच्या बटणावर जातं. कधी दाबते, कधी ऐकून घेते.