डोंग्यावाला पिच्चर

माझ्या टेबलाच्या खणात अजून एक व्हीसीडी आहे. दोन डिस्कची. लावायला यंत्र राहिलेलं नाही, तरी टाकवत नाही. कव्हरवर काळ्या-पांढऱ्या नदीचा फोटो, खाली नाव 'जाईचा घाट', आणि कोपऱ्यात 'योगेश्वरी व्हिडिओ, गोरेगाव'. मागच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'दुसरी डिस्क संपली की पहिली पुन्हा लावावी.' परवा माझा मुलगा टिकेश ती वाचून हसला. "बाबा, ही छापायची चूक आहे का?" म्हणाला. चूक नाही. ती चिठ्ठी मी छापली, मला रूपलालने छापायला लावली, आणि रूपलालला त्याच्या मायने.

रूपलाल रहांगडाले. गोरेगावच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ, आणि भिंतीला भिंत लागून त्याचं दुकान. भंडाऱ्यातून फुटून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या १९९९ साली त्याने ते उघडलं. मुलीच्या नावावरून 'योगेश्वरी व्हिडिओ' असा बोर्ड लावला. घरचं धान पिकत होतं, खायला कमी नव्हतं, पण याच्या डोक्यात लहानपणापासून पिक्चरच होता. त्याला कोण काय करणार?

त्या काळी आमच्या आठवडी बाजारात वांग्यांच्या शेजारी टोपलीत नकली व्हीसीडी विकायला असायच्या. पिक्चर अजून गोंदियाच्या टॉकीजला लागायचा असे, आणि इकडे तो बैलाच्या घुंगरांसोबत मिळत असे. त्या छापणारे गब्बर झाले. रूपलाल मात्र हरिश्चंद्राचा भाऊ. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या गोदामात जुने मराठी पिक्चर धूळ खात पडलेले असत. हा पत्रं लिहून, फोन करून, त्यातल्या एखाद्याचे हक्क रीतसर विकत घ्यायचा. मग नागपुरात डिस्का बनवून आपल्या नावाने काढायचा. कव्हर मी करायचो. प्रत्येक कव्हरवर त्याला 'असली माल' हे दोन शब्द लागायचेच, आणि तेही पिक्चरच्या नावाहून मोठ्या अक्षरांत. मी चिडवायचो, "रूपलाल, तूप विकून राहिला का पिच्चर?" तो हसायचा नाही. या एका गोष्टीत त्याला गंमत चालत नसे.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची माय राहायची. शांतीबाई. मध्ये फक्त एक पडदा, त्यामुळे दुकानातलं सगळं तिला ऐकू जायचं आणि तिचं आम्हाला. लेकाने काढलेला कुठलाही पिक्चर ती धड बघत नसे. दहा मिनिटांत म्हणायची, "हा नोको. डोंग्यावाला कवा आनतेस?"

डोंग्यावाला पिच्चर म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, दंडारीचे नाच होतात, नाटकं होतात. सौंदडच्या मंडईत दुधरामचा तंबू लागायचा, फिरत्या टॉकीजचा. दरवर्षी तोच पिक्चर. त्याचं पहिलं रीळ कधीतरी जळालेलं, म्हणून आमच्या आठवणीत नाव पडद्यावर कधी उमटलंच नाही. नावाडी असलेला नवरा वादळात बायकोच्या औषधासाठी वैद्याला आणायला डोंगा, म्हणजे लहान नाव, घेऊन नदीपलीकडे जातो, बायको घाटावर वाट पाहत बसते, आणि शेवटी डोंगा परत येतो. ऊन पडलेलं असतं. नवरा डोंग्यात उभा, डोक्याला फेटा. की तंबूत शिट्ट्याच शिट्ट्या.

जाताना तो बोडका गेलेला, मग फेटा कुठून आला? मी लहानपणी विचारलं होतं. मोठ्या माणसांनी सांगितलं, वैद्यबुवांनी मान म्हणून बांधला. झालं, विषय संपला. आमच्या भागात तर तशी म्हणच पडली होती. कोणी परगावी निघाला, परीक्षेला निघाला, दवाखान्यात निघाला, की घरातलं माणूस म्हणायचं, "जा, अन् फेटा बांधून ये."

२००४ साली रूपलाल हा पिक्चर आणायला मुंबईला गेला. नाव माहीत नाही, साल माहीत नाही, नटनटी माहीत नाहीत. ज्या कंपनीकडे जुन्या स्टुडिओचे पिक्चर होते, तिच्या ऑफिसात जाऊन याने चक्क वल्हं मारून दाखवलं. वादळ करून दाखवलं. घाटावर बसलेली बायको करून दाखवली. ऑफिसातली पोरं हसत होती. एका म्हाताऱ्या कारकुनाने मात्र मान वर केली आणि म्हणाला, "अहो, हा 'जाईचा घाट'." रूपलालने त्याचे पायच धरले. पुढे हक्काची बोलणी झाली. साहेबाने विचारलं, सबंध महाराष्ट्राचे पाहिजेत का? हा म्हणाला, "नाही साहेब, आमच्या जिल्ह्यापुरते द्या." त्यांच्या कागदांत गोंदिया जिल्हाच नव्हता, अजून भंडाराच होता. याने पाच वर्षांपूर्वीच्या जिल्ह्याचे हक्क घेणार नाही म्हणून हट्ट धरला आणि जिल्ह्याचं नाव बदलून घेतलं. करारात एक कलम होतं: कुठलंही दृश्य कापणार नाही, कुठलंही जोडणार नाही. आपल्याला कोणी असली माणूस समजतं, या आनंदात त्याने सही केली.

नागपुरात डिस्क तयार होताना त्याने पिक्चर पहिल्यांदा पुरा पाहिला. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"खुमेंद्र," तो मला म्हणाला, "डोंगा खाली येते. नवरा येतच नाई."

मला वाटलं, गंमत करतोय. पण खरंच तसं होतं. अख्ख्या मुलखाने इतकी वर्षं पाहिलेला शेवट त्या पिक्चरात नव्हताच. वादळानंतर रिकामा डोंगा घाटाला लागतो, बायको त्याला हात लावते, आणि पिक्चर संपतो. फेटेवाला डोंगा होता, पण सुरुवातीला. नवरा लग्नाची वरात घेऊन डोंग्याने येतो, तेव्हाचा.

"असली ते असली," रूपलाल म्हणाला, आणि मंडईच्या तोंडावर डिस्क बाजारात आणली. पहिले काही दिवस डिस्का अशा खपल्या की आम्हा दोघांना जेवायला उसंत नव्हती. मग त्या परत यायला लागल्या.

"रूपलाल भाऊ, डुप्लिकेट माल दिला तुम्ही. डोंगा वापसच नाई येत."

"अजी, हाच असली आहे. कंपनीतून आनलो मी."

"मंग आमी इतके वर्स काय पायलो?"

जन्मात एक नकली डिस्क न विकलेल्या माणसाला अख्खा बाजार नकली म्हणायला लागला. टोपलीवाले दात काढत होते. मला राग आला तो त्यांचा नाही, रूपलालचाच. माझ्याकडे नवा कॉम्प्युटर होता. म्हटलं, "वरातीचा तुकडा शेवटी जोडून देतो. मुंबईहून कोन पाहाले येते?"

"सही केली आहे," एवढंच तो म्हणाला. त्या वर्षीच्या धानाचा पैसा त्या डिस्कांत गेला होता आणि दुकान बसायच्या बेतात होतं, तरी गडी हलला नाही. मायलाही त्याने पिक्चर दाखवला नव्हता. ती रोज विचारायची आणि हा रोज सांगायचा, मशीन बिघडली आहे. कारण तिचा तो एकच पिक्चर होता, आणि त्याचा शेवट असा आहे हे तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

शेवटी आम्ही दोघं मोटारसायकलवर सौंदडला गेलो. दुधराम म्हातारा झाला होता, स्टेशनाजवळच्या घरात खाटेवर बसून होता. रूपलालने विचारलं, "काका, तुमच्या पिच्चरमंधी डोंगा वापस कसा ये?"

दुधरामने त्याला निरखून पाहिलं. "तू यादोरावचा पोरगा नं?" म्हणाला. मग सांगू लागला.

"पयल्या साली मी पुराच पिच्चर दाखवलो. खाली डोंगा आला, पिच्चर सरला, तंबूतले लोक गेले. पन एक बाई उठेच ना. ते तुझी माय. तिचा भाऊ टिकाराम त्याच बरसातीत तिले माहेरी न्याले येऊन राहिला होता, बालाघाटाकडून. वैनगंगेत डोंगा पलटला. डोंगा सापडला, भाऊ नाई. तुझ्या बानं तिले धरून बैलाच्या रेंगीत बसवलं अन् नेलं."

रूपलालला मामा नदीत गेला एवढंच माहीत होतं. घरात त्याबद्दल बोलत नसत.

"दुसऱ्या साली मंडईच्या आधी तुझा बा आला. म्हणे, दुधराम, शांती पिच्चर पाहाले येतो म्हनते, मी नाई म्हनू शकत नाई. तू डोंगा वापस आन. मी म्हनलो, मी काय देव आहो का? तं म्हणे, नदीतला नाई मागून राहिलो, पडद्यावरचा मागून राहिलो." दुधराम हसला. "मंग वरातीचा तुकडा पुढून कापलो अन् शेवटी चिपकवलो. लोक खुश झाले. मंग मी तसाच ठेवलो. पुढं पयलं रीळ जळालं, पन तो तुकडा शेवटी होता म्हनून वाचला."

यादोराव जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला तो आठवतो तो तुसडा, कोणाशी दोन शब्द न बोलणारा म्हातारा म्हणून. त्याने बायकोसाठी सबंध मुलखाचा पिक्चर फिरवला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. परतीच्या रस्त्यात रूपलाल मागे बसून रडत होता. मी मुद्दाम गाडी हळू चालवली.

दुकानात आल्यावर तो म्हणाला, "खुमेंद्र, काप. जोड तो तुकडा."

"अन् सही?"

"बा असता तं काय केला असता? मायले खाली डोंगा नाई दाखवू शकत मी. जे होईन ते होईन."

मीच तर हे आधी सुचवलं होतं. पण आता त्याच्या तोंडून ऐकून मला कसंतरी झालं. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, तेवढा एक शब्दच होता, आणि तोच मायसाठी मोडायला हा निघाला होता. मी कॉम्प्युटर सुरू करायला उठलो.

पडदा बाजूला झाला. शांतीबाई दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"काई कापू नोका," ती म्हणाली. "आनला तसाच लावा."

"माय, त्याच्यात डोंगा..."

"लाव म्हनतो नं."

आतल्या खोलीत चटई टाकली. ती टीव्हीसमोर बसली, आपल्या उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पहिली डिस्क झाली, दुसरी लागली. वादळ झालं. रिकामा डोंगा घाटाला लागला, तशी तिने डोळ्यांना पदर लावला आणि "टिकाराम, टिकाराम" असं दोनदा म्हणाली. रूपलाल टीव्ही बंद करायला धावला. तिने हाताने थांबवला. पडदा काळा झाला, तेव्हा पदर काढला.

"असाच होता," ती म्हणाली. "पयल्या साली पायली होती मी."

"माय, तुले मालूम होतं? बानं तुकडा..."

"मले नाई समजत का? वादळात बोडका गेलेला मानूस फेटा बांधून कसा येईन? नदी का फेटे वाटते? तो लगनातला फेटा. मले पयल्याच खेपेले समजलं."

"मंग बाले सांगतली काऊन नाई?"

"कायले सांगू?" ती त्याच्यावर खेकसलीच. "तो माह्या उजव्या बाजूले बसे, पन पिच्चर पाहेच ना बापू. डोंगा याची वेळ झाली का माह्याच तोंडाकडे पाहून राहे. इतक्या दूर रेंगी हाकून मले आननारा मानूस. मंग मी हासू. मी हासली का त्याले बरं वाटे."

रूपलाल पुन्हा रडायला लागला.

"अन् तू रडतेस कायले," ती लेकाला म्हणाली. "लोकायले सांग, सरला पिच्चर का पयली पुन्हा लावा म्हना. डोंगा त्याच्यात आहे नं? येते मंग. कापाले कायले पायजे?"

चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी छापली. परत आलेल्या सगळ्या डिस्कांवर ती लावली, आणि लोकांनी त्या निमूट पुन्हा नेल्या. दुकान आणखी सहा-सात वर्षं चाललं. मग मोबाइल आले, व्हीसीडी कोणाला नको झाली, आणि रूपलाल शेतीवर परतला. शांतीबाई त्याआधीच गेली. मंडई अजून भरते, तंबू नाही. टिकेश नोकरीसाठी निघाला तेव्हा त्याची आई दारात म्हणाली, "जा, फेटा बांधून ये." कुठला फेटा, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून हे लिहून ठेवलं.

त्या दुपारचं एवढंच राहिलं. रूपलालने पहिली डिस्क पुन्हा घातली. नदी आली, ऊन आलं, वरातीचा डोंगा वळणावरून दिसायला लागला. "पाय, आला," शांतीबाई म्हणाली आणि हसली. टीव्हीकडे तिचं लक्ष नव्हतं. चटईवर उजवीकडे जी जागा तिने सोडली होती, तिकडे तोंड करून ती हसत होती.