एक सूत जास्त

कोल्हापुरात ट्रकच्या बॉड्या बांधणारे मिस्त्री पुष्कळ होते, पण बॉडी उद्यमनगरातल्या नबीलाल मिस्त्रीनं बांधलीय असं कळलं की ड्रायव्हर लोक लाकडाला हात लावूनही बघत नसत. नऊ टनांचा पास असलेल्या गाडीत चौदा टन ऊस भरायचा आणि खड्ड्याओढ्यांतून ती कारखान्यावर न्यायची, ही आपल्याकडची रीत. कागदावरचं वजन साहेबाला दाखवायचं असतं, गाडीला नव्हे. हे ओळखूनच नबीलालचे वडील बादशहाभाई यांनी बैलगाड्यांच्या काळात एक नियम घालून दिला होता: गिऱ्हाईक सांगेल त्यापेक्षा लाकूड एक सूत जाड वापरायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बापानं गाड्या केल्या, मुलानं ट्रक केले, नियम तोच राहिला. नबीलालला त्याचा गर्व होता. दुसऱ्या मिस्त्रीची बॉडी रस्त्यात दिसली की तो बोटाच्या पेरानं एक ठोका मारायचा आणि काही न बोलता पुढं जायचा. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्या मिस्त्रीला वाटायचं.

अठ्ठ्याहत्तर साली दिवाळी झाल्यावर हंबीरराव त्याच्या शेडमध्ये आले. मूळचे गारगोटीचे. बावीस वर्षं वायुदलात विमानांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. दुसऱ्यांना आकाशात पाठवण्यात उमर गेली आणि स्वतःचे पाय जमिनीवरच राहिले. निवृत्त झाल्यावर मात्र हट्टानं फ्लाइंग क्लबात जाऊन त्यांनी परवाना काढला होता. आता इंग्लंडमधल्या मेव्हण्यानं त्यांना एका छोट्या विमानाचं किट पाठवलं होतं. एकच माणूस बसेल एवढं विमान. पेट्यांत इंजिन होतं, चाकं होती, वेग-उंची दाखवणारी घड्याळं होती, धातूचे भाग होते आणि दोनशे पानांचं एक पुस्तक होतं. लाकूड इथं घ्यायचं, पुस्तकातल्या मापानं कापायचं, खास सरसानं जोडायचं आणि वर कापड ताणायचं.

"मिस्त्री, दुसऱ्या कुणाच्यानं हे हुयाचं न्हाय," हंबीरराव म्हणाले. "आणि माज्याकडं येळ न्हाय."

"का वं? येवढी कसली घाई?"

हंबीररावांनी चष्मा काढून हातात धरला. "काचबिंदू हाय. राजारामपुरीतल्या डॉक्टरनं तपासलं. दोन वर्सं विमान उडवायचा डाक्टरी दाखला मिळंल, त्याच्या म्होरं न्हाय. एकदा माज्या विमानात बसून कोल्हापूर वरनं बघायचंय. मग डोळं गेलं तरी चालंल."

असं कुणी तोंडावर सांगितल्यावर नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. नबीलालनं होकार दिला. मग हंबीररावांनी पुस्तकातला आकड्यांचा तक्ता वाचून दाखवला, उपवर मुलाची माहिती पाव्हण्यांना सांगावी तसा. रिकामं वजन दोनशे पाच किलो. माणूस आणि पेट्रोल धरून तीनशे तीस, त्यावर नाही. पंखांचा पसारा तेवीस फूट. वेग ताशी दीडशे किलोमीटर. एकशे ऐंशी मीटर धावलं की चाकं उचलणार, मिनिटाला पाचशे फूट चढणार. आणि वेग पासष्टच्या खाली गेला की पंख हवा सोडणार, म्हणजे विमान खाली येणार.

"माप काटेकोर पायजे, मिस्त्री. पुस्तकाप्रमाणं," ते म्हणाले.

"व्हय की," नबीलाल म्हणाला.

काम सुरू झालं. शेडच्या अर्ध्या भागात ट्रक, अर्ध्यात विमान. उद्यमनगरातले लोक चहाच्या निमित्तानं डोकावून जायचे. कुणी विचारायचं, "मिस्त्री, ह्यात ऊस किती बसंल?" कुणी म्हणायचं, पंचगंगेला पूर आला की बरं पडेल. नबीलाल हसून सोडून द्यायचा, पण मनातून तो हसत नव्हता. पुस्तकातलं लाकूड बघून त्याला धडकी भरली होती. पंखाच्या फासळीला दीड मिलिमीटरचं प्लायवूड! त्याची बायको खतिजा डबा घेऊन आली तेव्हा तिनं एक फासळी दोन बोटांत उचलून धरली.

"ह्याच्यापरीस माजी भाकरी जाड हुती," ती म्हणाली. "आणि ह्येच्यावर माणूस बसवणार तुमी?"

नबीलालनं त्या दिवशी डबा उघडला नाही. हातातली फासळी वाकवून वाकवून बघत तो बसला. ज्याचे डोळे जाणार आहेत असा माणूस हे विमान उतरवणार. त्याला जमीन नीट दिसणार नाही, तो आपटणार. साहेबांच्या देशात डोळस माणूस गुळगुळीत रस्त्यावर उतरत असेल, त्याला पुस्तकातलं माप पुरेल. आपल्या हंबीररावांना कसं पुरणार? जे लाकूड आपल्याला लेचंपेचं वाटतं त्यावर या माणसाला बसवलं आणि काही झालं, तर वर अल्लाला आणि खाली गारगोटीच्या माणसांना काय तोंड दाखवायचं?

आणि त्यानं हात सैल सोडला. पंखाच्या मुख्य तुळईला एक सूत जास्त. फासळ्यांना दीडच्या जागी तीन मिलिमीटरचं प्लायवूड. बैठकीखाली दोन आडवे दांडके, पुस्तकात नसलेले. जिथं हलकी ॲल्युमिनियमची पट्टी होती तिथं लोखंडी. सरस दोनदा. हंबीररावांनी सुरुवातीचे, पुस्तकाप्रमाणं कापलेले काही तुकडे मोजले होते, ते बरोबर निघाले, पुढं मोजायचं सोडून दिलं. नबीलाल मिस्त्रीचं काम मोजायचं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांना वाटे. ते फक्त विचारत, "पुस्तकाप्रमाणंच ना?" आणि नबीलाल "व्हय की" म्हणे. त्या खोट्यानं त्याची झोप कधी उडाली नाही. आईनं लेकराच्या ताटात गुपचूप तूप वाढावं, तसं त्याला ते वाटत होतं.

ऐंशी सालच्या मार्चात विमान तयार झालं. पिवळं कापड ताणून बसलेलं, नाकावरचा लाकडाचा पंखा चकाकणारा. उद्यमनगर लोटलं बघायला. विमानखात्याचा तपासनीस पुढच्या आठवड्यात मुंबईहून येणार होता आणि त्याआधी वजन करून तक्ता भरायचा होता. गुळाच्या पेठेतून तीन काटे आणले. दोन पुढच्या चाकांखाली, एक शेपटाच्या चाकाखाली.

एकशे एकवीस. एकशे एकोणीस. अठ्ठावीस.

हंबीररावांनी बेरीज केली, पुन्हा केली. दोनशे अडुसष्ट. ते स्वतः एका काट्यावर चढले, मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे बहात्तर भरले. काट्यात खोट नव्हती. इंजिनावर काही जास्तीचं बसवलंय का ते बघायला ते वाकले, मग कापडाला रंगाचे हात किती दिले ते बोटांवर मोजू लागले. त्रेसष्ट किलो कुठून आले, ते त्यांना उमजत नव्हतं. जगातल्या सगळ्या वस्तूंवर संशय घेऊन झाला, एका माणसावर तेवढा घेतला नाही. ते बघून नबीलाल पुढं झाला.

"हंबीरराव, काटं बरोबर हाईत," तो म्हणाला. "मीच लाकूड जाड घातलंय. सगळीकडं. तुमी आपटला तर मोडू नये म्हणून."

 हंबीरराव शांतपणे म्हणाले, "ट्रकला वजन चालतं, मिस्त्री. जमीन उचलून धरती त्याला. विमानाला कोण धरणार? त्यानं सोताचं वजन सोता उचलायचं असतंय." आणि काट्यांची भाडी कुणी द्यायची तेही न बोलता ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले, ते वजनाचा तक्ता भरूनच. रिकामं वजन: दोनशे पाच. खाली दोन सह्यांच्या जागा. एक मालकाची, ती झालेली. दुसरी बांधणाऱ्याची.

"तपासनीस पुन्यांदा काटा लावत न्हाय. कागद बघतो," हंबीरराव म्हणाले. "सही करा. एकच फेरी मारतो. दाखल्याला आठ म्हैनं राहिल्यात. नवीन पंख बांधायला वरीस जाईल. तवर माजं संपलं."

नबीलालनं हात पुसले. "मला एक सांगा. हे असंच उडवलं तर काय हुतंय? पुस्तक वाचता तसं सांगा."

हंबीरराव खोटं बोलू शकले असते. पण बावीस वर्षं इंजिनाच्या वहीवर सही केलेला तो माणूस, त्याला ते जमलं नाही. जमिनीकडे बघत ते सांगू लागले. दोनशे अडुसष्टचं विमान, बहात्तरचा माणूस, वीस किलो पेट्रोल, म्हणजे तीनशे साठ. मर्यादेच्या वर तीस. त्यात उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रापासून दोन हजार फूट उंच, एप्रिलचं ऊन, हवा विरळ. धावायला तीनशे मीटरच्या वर लागतील. मिनिटाला पाचशे फुटांच्या जागी दोनशे चढेल, कदाचित तेही नाही. पासष्टला जे विमान तरंगायला हवं ते सत्तरलाच हवा सोडेल. वळण घेताना त्याहूनही आधी.

"आणि तुमाला घड्याळातला काटा दिसंल त्या वक्ताला?" नबीलालनं विचारलं.

 कागद दोघांच्या मध्ये पडून राहिला.

"तुमाला मी खोटं सांगितलं, ते तुमच्यासाठी म्हणून सांगितलं," नबीलाल म्हणाला.  "आता सही केली तर तेबी तुमच्यासाठीच खोटं हुईल. न्हाय जमायचं, हंबीरराव. जोड्यानं मारा मला. पण सही मागू नका."

"तुमीच खड्ड्यात घातलं, आणि आता तुमीच माती लोटताय," एवढं बोलून हंबीररावांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ते गेले. तपासनिसाला त्यांनी तार करून येऊ नका म्हणून कळवलं. त्यानंतर पावणेदोन वर्षं त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

नबीलालनं स्वतःच्या हातांनी पिवळं कापड फाडलं. बरंवाईट बोलणारे होतेच. मिस्त्रीनं ट्रकचा हात विमानाला लावला, असं लोक म्हणू लागले, आणि ते खरं होतं, म्हणून जास्त लागत होतं. त्यानं बैठकीखालचे दांडके, लोखंडी पट्ट्या काढल्या आणि नवे पंख पुस्तकावर बोट ठेवून बांधायला घेतले. खतिजाच्या माहेरच्या भाजीच्या दुकानातला छोटा काटा आणला आणि प्रत्येक फासळी त्यावर ठेवून बघितली. दोनशे ग्रॅम म्हटलं की दोनशे. पाच ग्रॅम जास्त भरली की रंधा. पन्नाशीच्या पुढच्या माणसानं आयुष्यभराचा हात मोडायचा म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. हात आपोआप जाड कापायचा, आणि तो आपल्याच हातावर चिडायचा. ट्रकची कामं त्यानं निम्मी सोडली. घाई करून दाखल्याच्या आत बसवायची त्याची धडपड होती, पण सरस वाळायला लागतो तेवढा वेळ लागतोच. ऐंशी सालचा नोव्हेंबर आला नि गेला, आणि हंबीररावांचा डाक्टरी दाखला संपला. एक पंख तेव्हा व्हायचाच होता.

तरी त्यानं काम थांबवलं नाही. कुणासाठी चाललंय, असं खतिजानं एकदा विचारलं. "ज्याचं हाय त्याच्यासाठी," तो म्हणाला.

एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात विमान दोनशे नऊ किलो भरलं. या खेपेला काटे तपासनिसासमोर लावले होते. परवानगी मिळाली. उडवायला फ्लाइंग क्लबातला जोतीराम नावाचा तरुण वैमानिक तयार झाला. मग नबीलाल स्वतः रिक्षा घेऊन हंबीररावांच्या दारात गेला.  तो एवढंच म्हणाला, "आज उडणार हाय. चला." हंबीररावांनी काठी शोधली. नजर आता नळीतून बघावं तेवढीच उरली होती. समोरचं थोडं, बाजूचं काही नाही.

उजळाईवाडीला सकाळचं ऊन पडलं होतं. धावपट्टीच्या कडेला नबीलालनं दर पन्नास मीटरवर चुन्याची रेघ मारून ठेवली होती. इंजिन गुरगुरलं, विमान सुटलं.

"किती धावलं?" हंबीररावांनी विचारलं.

"चौथ्या रेघंच्या जरा अलीकडं उचललं. एकशे नव्वद. पुस्तकापेक्षा धा जास्त."

"चढतंय कसं?"

"सरळ चढतंय. जड न्हाय वाटत."

हंबीरराव आवाजाकडे तोंड करून उभे होते. विमान डावीकडे वळून शहराच्या अंगाला गेलं, ते मात्र उजवीकडेच बघत राहिले. नबीलालनं त्यांच्या खांद्यांना धरून हळूच वळवलं. त्यांनी मान वर केली, ती नळीएवढी नजर आभाळभर फिरवली. पिवळा ठिपका त्यांना सापडला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि नबीलालनं विचारलं नाही.

विमान अलगद उतरलं. हंबीरराव काठी टेकत त्याच्यापाशी गेले आणि चाचपडत पंखाच्या टोकापर्यंत पोचले. प्लायवूड जिथं उघडं होतं तिथं त्यांनी अंगठा दाबला. ते पातळ लाकूड थोडं वाकलं आणि परत जागेवर आलं. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं.

"एवढंच पायजे हुतं की वं, मिस्त्री," ते म्हणाले.

 नबीलाल त्यांच्या शेजारी पंखाला हात लावून उभा राहिला.