चतुर्दशीची गाणी

सन २००७. मी चौसष्ट वर्षांचा होतो, आणि अकोटजवळच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर मरायला टेकला होता.

माझ्या पोरानं अकोल्याहून एकेक भाग आणून तो जोडला होता, टीव्हीला लावला होता. मी चौथीत शाळा सोडलेला; मला त्यातलं चालू-बंदचं बटण तेवढं समजे. पोरगा मोटारसायकलवरून पडून गेला त्याला दोन वर्षं झाली होती. त्या सालांत कापसानं माणसं खाल्ली. ज्या घरी कर्जापायी कोणी फास घेतला तिथं पुढारी यायचे, फोटो निघायचे. आमचा अपघातानं गेला, आमच्याकडे कोणी आलं नाही. बरंच झालं.

आपल्या आईसाठी त्यानं त्यात गाणी भरली होती. रडकं गाणं लागलं की ती हटकून रडायची, म्हणून दर रडक्या गाण्यामागं त्यानं एक टवाळ गाणं लावलं होतं. पदरानं डोळे पुसता पुसता तिला हसू यायचं. तो गेल्यावरही विजेची लाइन असली की ती रोज तेच लावून बसे.

भादव्यात कॉम्प्युटरच्या डब्यातून टकटक आवाज यायला लागला. मी तो पोत्यात गुंडाळून एसटीनं अकोल्याला नेला.

"काका, कावून जीव लावता याले?" दुकानदार म्हणाला. "नवा घ्या. हजार गाणे भरून देतो."

"तुहे गाणे नाई पायजेत. त्यानं लावले तसे, एकामागं एक पायजेत."

त्यानं झाकण उघडून कान लावला. "मंग नवी हार्डडिस्क टाका. याच्यातलं तिच्यात उतरवू. पण पितृपक्षात कोणी नवं घेत नाई, म्हणून माल नाई आणला. अमावास्या झाली की या. तवर बटणाले हात लावू नका. हे आता एकदा चाललं त चाललं, मंग कायमचं बंद."

घरी आलो तेव्हा बायको वड्यांसाठी उडदाची डाळ निवडत होती. अपघातात गेलेल्याचं पान चतुर्दशीला वाढतात. ती उद्यावर होती. दुकानदार बोलला ते मी सगळं सांगितलं.

"उद्या घास ठेवतानी गाणे लावा लागतीन," ती म्हणाली.

"लावले त कायमचे बंद पडतीन."

"पडू द्या."

"चार दिस थांबलीस त जनमभर आयकशीन."

"मी त रोज आयकते. त्याले वर्सातून एकच दिस बलावतो आपण. आला आन घर मुकं दिसलं त काय म्हणन तो?"

"असं काई नसते. कावळा येते, खाते, उडून जाते."

"मंग तुमी कावून हात जोडून उभे रायता?"

मी डब्याची वायर काढून घेतली आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्याच्या म्हणण्यानं मी कधी वागलो नव्हतो. ती सुपातले खडे वेचत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारनियमन होतं. दुपारपर्यंत लाइन येणार नव्हती, आणि घास त्याआधी ठेवायचा होता. आमच्या शेजारी गाद्या भरणारा चाचा राहायचा. कापूस पिंजायच्या मशीनसाठी त्यानं जनरेटर घेतला होता. नालीच्या पाण्यावरून आमची बोलचाल बंद होती, आणि मागायला तर मी जन्मात कोणाच्या दारात गेलो नव्हतो. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, इधर कैसे? आज भांडाले नाली सापडली नाई का?"

"जनरेटर पायजे. घडीभर."

"कावून?"

"पोराले गाणे आयकवाचे हायेत."

त्याची थट्टा तिथंच थांबली. वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून तो माझ्यामागं आला. बायकोनं पत्रावळ घेऊन माळवदाकडे जाताना आम्हा दोघांना पाहिलं आणि ती जिना चढून गेली. मी कपाट उघडलं, वायर जोडली, स्पीकर खिडकीत वर तोंड करून ठेवला आणि बटण दाबलं. दोन गाणी पुरी झाली. तिसरं अर्ध्यात अडकलं, टकटक झाली आणि पडदा काळा पडला.

"आयकलं त्यानं," ती जिन्यावरून म्हणाली.

मी परत बटण दाबून पाहिलं नाही. चाचाला जेवायला बसवलं, त्याची वायर गुंडाळली आणि त्याच्या घरी नेऊन ठेवली.