प्रभूच्या नावाचं सीताफळ

एदेन बागेच्या मधोमध, आदाम-हव्वेला ज्याचं फळ खायची मनाई होती ते झाड प्रभूने लावलंच कशाला, हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आला आहे. खायचं नव्हतं तर डोळ्यांसमोर ठेवायचं तरी कशाला? गेल्या वर्षी तर या प्रश्नाने माझ्या घरातच ठाण मांडलं. आमच्या सोलापूरच्या घराच्या परसात सीताफळाची दोन झाडं आहेत. त्यातलं कुंपणाकडचं सासूबाईंनी प्रभूच्या नावाने सोडलेलं. त्याची फळं कापणीच्या सणाला चर्चमध्ये जातात, तिथे त्यांचा लिलाव होतो. घरच्यांनी ती खायची नाहीत आणि लिलावात परतही घ्यायची नाहीत.

तापातून उठल्यावर सासूबाईंचं अन्नच सुटलं. पेज पुढे केली की तोंड फिरवायच्या. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आणि बाईंना इच्छा कशाची, तर त्याच झाडाच्या सीताफळाची. दुसऱ्या झाडाचं दिलं, बाजारातलं बार्शीचं दिलं, दोन्ही हुंगून बाजूला सारलं. मग कुंपणाकडचंच तोडून आणते म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले. "ते आपलं न्हाय. हात लावायचा न्हाय." मी अगदी टेकीला आले. त्या जातील या भीतीने रडू येत होतं आणि त्यांच्या हट्टाचा संतापही. भांडी आपटत मी प्रभूशीच भांडले, की तूच झाड लावतोस, तूच नको म्हणतोस, आणि उपाशी राहायचं आम्ही.

सणाच्या रविवारी फळांची पाटी मी धुसफुसतच चर्चमध्ये नेली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत सासूबाईंचं नाव घेतलं. लिलावात आमची पाटी मैंदर्गीहून लेकीकडे आलेल्या एका बाईंनी घेतली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फाटकापाशी त्यांनी मला गाठलं आणि पाटीतलं सगळ्यात मऊ फळ माझ्या हातात ठेवलं. "तुमच्या घरी आजारी हायत न्हवं? त्यास्नी द्या." प्रार्थनेतल्या आजारी बाईंची सून म्हणून लेकीने मला दाखवलं होतं, पण पाटी कुणाच्या घरची, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी डोळे मिटून आभार मानले आणि फळ अख्खं खाल्लं. "आता त्यानं दिलं की," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी पेजही घेतली. मी दाराआड उभी राहून रडले. आता मला वाटतं, त्या बागेतल्या फळात विष नसावं. आदाम-हव्वा थांबले असते, तर कदाचित त्यानेच ते त्यांच्या हातावर ठेवलं असतं. आपल्याला मात्र ओरबाडून घ्यायची घाई.

बिया टाकायला निघाले, तर सासूबाईंनी बशी धरून ठेवली. परसात लाव म्हणाल्या, आणि वर, त्याचीही फळं प्रभूचीच. मी कपाळावर हात मारला. आणि प्रभूचे आभार मानत, धुसफुसतच, खुरपं घेऊन परसात गेले.