शालूबाईंच्या वाट्याचं विमान

हंबीरराव मोठ्या मनाचे गृहस्थ, यात वाद नाही. फक्त ते मोठेपण कोणाच्या जिवावर चालतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

पंप विकायच्या नोकरीत त्यांनी उभा देश विमानाने पालथा घातला. खिडकीजवळची जागा मिळाली तरी हे घोरत जायचे. निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी थेट देवघरात शिरलं. चिखलातून काढलेला जोतिबाचा टाक धुताना त्यांना भरून आलं. इतक्या विमानप्रवासांनी हवापाणी बिघडवण्यात आपलाही हात आहे, तर देवासमोर काहीतरी सोडलंच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यात ढोंग नव्हतं.

घर सावरल्यावर पूजा घातली. संकल्पाच्या वेळी गुरुजी रिवाजाप्रमाणे शालूबाईंना म्हणाले, "वहिनी, यांच्या हाताला हात लावा." नवऱ्याने सोडलेलं पाणी दोघांचं धरतात. शालूबाईंनी हात लावला आणि हंबीरराव खणखणीत आवाजात बोलले, "आजपासून विमान सोडलं. आम्ही दोघांनी!"

टाळ्या पडल्या. पुढे गल्लीतल्या तालीम मंडळाने शाल-श्रीफळही दिलं. शालूबाई जन्मात विमानात बसलेल्या नाहीत, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. नवऱ्याच्याही नाही.

यंदा महिला मंडळाची तिरुपतीची सहल ठरली, तीही विमानाने. शेजारच्या निशिगंधाताई विचारायला आल्या. "वैनी, चला की! खिडकीची जागा तुमाला ठेवली हाय."

"न्हाय जमायचं. देवाम्होरं हात लावलाय."

"अवो, पण केवढी हौस तुमाला!"

हौस? हंबीररावांनी पेपर खाली ठेवला.

"तुमाला ठावं न्हाय व्हय?" निशिगंधाताई त्यांच्याकडे वळल्या. "इमानाचा आवाज आला की वैनी धुणं टाकून गच्चीवर पळत्यात. तुमी दौऱ्यावरनं आला की वरनं काय दिसलं म्हणून इचारायच्या, आन् तुमी म्हणायचा, झोप लागलीती. मंडळात आमी हसतो की त्याला!"

हंबीररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचं पोट भरल्यावर त्यांनी उपास धरला होता, आणि बायकोपुढचं ताट तिने घास घेण्याआधीच उचललं होतं. वर त्याबद्दल शाल पांघरून मिरवले होते. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"अगं, तू जा," ते कसेबसे म्हणाले. "पाप लागलं तर मला लागू दे. मी गुरुजींस्नी इचारून येतो."

शालूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पापाला भ्याले न्हाय मी. घरात पाणी शिरलं तवा मीबी रडलेच की. इमान सोडायचं, हे मला पटलंय."

"मग?"

"हात लावायच्या आधी मला इचारलं असतं, तर मी आपणहून व्हय म्हणले असते. मग ते सोडणं माझंबी झालं असतं."