टोपडं घातलेला खाणवाला

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला जुने मित्र अजून बिजली म्हणत. नाव पडलं तेव्हा तो कॉलेजात होता. बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याची बोटं अशी चालायची की बाकीची पोरं आपला डाव सोडून त्याचा बघत उभी राहायची. आणि एकदा जिंकलेल्या खेळाकडे तो पुन्हा ढुंकून बघायचा नाही. "उष्टं कोण खातं?" म्हणायचा. नवा खेळ आला की स्वारी पुढे.

मग लग्न झालं. खेळ घरच्या कॉम्प्युटरवर आले, ते मित्रांबरोबर सुट्टीच्या दिवशी खेळायचे लढायांचे लांबलचक खेळ. मुलगी झाल्यावर तेही गेले. एका हाताने पाळणा आणि दुसऱ्या हातात फोन, त्यावर रंगीत ठोकळे जुळवायचे. अंगठ्याला काम, डोक्याला आराम. मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली आणि तिने पहिल्या पगारातून बाबांसाठी नवंकोरं गेमचं यंत्र आणलं. त्यावर अनोळखी लोकांबरोबर इंटरनेटवरून खेळता यायचं. बिजली हौसेने बसला. बटणं किती, अक्षरं मुंगीएवढी, आणि गोळी कुठून येते कळायच्या आत हा आडवा. शेवटी त्याच्याच संघातलं कुणी पोर कानात ओरडलं, "काका, बाजूला व्हा ना!" बिजली तोवर एक शब्दही बोलला नव्हता. पोराने आवाजावरून नाही, चालीवरून ओळखलं होतं.

त्यानंतर त्याने माळ्यावर पडलेलं कॉलेजच्या दिवसांतलं जुनं गेमचं यंत्र काढलं, पुसलं आणि गुपचूप आपल्या कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे छापखान्याच्या वरची एक खोली. प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी पावडरीचे डबे, पॉलिशचं चाक आणि खिडकीशी एक टेबल. त्या यंत्रात एकच खेळ होता. एक बुटका खाणवाला शिडीवरून खाली खाली उतरतो आणि हिरे गोळा करतो. कुठला दगड पडणार, कुठून वटवाघूळ येणार, बिजलीला सगळं तोंडपाठ. पण तोंडपाठ असून बोटं मागे राहायची. म्हणून त्याने खेळ सोप्या पायरीवर लावला. सोपी पायरी लावली की त्या खाणवाल्याच्या डोक्यावर लोखंडी टोपीऐवजी तान्ह्या बाळाचं टोपडं यायचं. बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेली थट्टा होती ती. पूर्वी दुकानात कुणी टोपडं लावून खेळलं की सगळे मिळून अंगाई म्हणायचे, आणि सर्वांत मोठ्याने बिजली. आता तो दाराकडे पाठ करून बसायचा आणि तेच टोपडं घेऊन रोज खाणीत उतरायचा.

सुरुवात जेवणाच्या सुट्टीत झाली. सुट्टी लांबत गेली. खालच्या छापखान्याला आणि फोन करणाऱ्या बायकोला काम चालू आहे असं वाटावं म्हणून तो पॉलिशचं चाक नुसतंच चालू ठेवायला लागला.

त्याच सुमारास एक कवळी परत आली. कवळी एका निवृत्त बालवाडीच्या बाईंची होती. त्यांची जुनी मोडली होती आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवीचं काम बिजलीकडे दिलं होतं. मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहिले, तर वरचे नि खालचे जुळेनात. "पुन्हा करा," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "असं तुमच्याकडून कधी होत नाही." म्हणजे त्या रागावल्याही नव्हत्या. पण बिजलीने ते दात पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिले. चष्मा नवा होता, दिवा चांगला होता, तरी तिरपेपणा त्याला दिसला नव्हता. त्याने त्या दातांचा डबा फळीवर ठेवला, नाव भिंतीकडे करून. आधी एक डाव, मग काम, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला.

बाई फोन करायच्या. दाताविना शब्द विरघळल्यासारखे यायचे, पण अदब सुटायची नाही. "घाई करायची नव्हती, पण माझी बहीण परदेशातून येणार आहे हो. किती वर्षांनी." बिजली सांगायचा, माल आलेला नाही. मग सांगायचा, प्लास्टर वाळत नाही. शेवटी सांगितलं, मला ताप आहे.

एका दुपारी चाक घरघरत होतं आणि खाणवाला वटवाघळाच्या तावडीत सापडून पडला.

"मेला का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

बिजली ताडकन उठला. दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. तोंडावर रुमाल, छातीचा भाता चाललेला, दुसऱ्या हातात थर्मास. आवाजावरून त्याने ओळखलं, ह्याच त्या बालवाडीच्या बाई.

"हाका मारल्या मी," बाई म्हणाल्या, "पण हे यंत्र..." त्यांनी रिकाम्या फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं. बिजलीने ते बंद केलं. मग तर खेळातलं ते टुमटुम गाणं खोलीभर वाजायला लागलं.

"ताप आहे म्हणालात. इथे एकटेच असता, म्हणून सूप आणलंय. मला सध्या तेच चालतं, त्यात चार घोट जास्त केले."

"बसा ना मावशी," बिजली म्हणाला. "आत्ताच जरा बरं वाटलं, म्हणून म्हटलं..."

बाई स्टुलावर टेकल्या. पडद्यावर खाणवाला पुन्हा पहिल्या शिडीवर उभा होता. "ह्याला टोपडं कशाला?"

"तसंच असतं ते," बिजली म्हणाला. एवढ्याशा गोष्टीतही त्याच्या तोंडून खोटंच निघालं. विषय बदलावा म्हणून त्याने विचारलं, "बहीण कधी येणार तुमची? त्याच्या आत देतोच मी."

"ती येऊन गेली."

"भेटलात ना?"

"नाही." बाईंनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "लहानपणी ती देखणी नि मी हसरी, असं सगळे म्हणायचे. हे असं तोंड तिला कसं दाखवणार? मला खोकला झालाय, येऊ नकोस, असं सांगितलं तिला. फोनवर नुसतं हं हं केलं. विमान गेल्यावर वाटलं, येऊ द्यायला हवं होतं. आता पुढच्या खेपेला कोण असेल, कोण नसेल." मग म्हणाल्या, "खोकला बिकला काही नव्हता. लाज वाटली की माणूस आजारपण पुढे करतो, नाही का?"

हा टोमणा होता की नुसतं बोलणं, ते बिजलीला कळेना. पण आता सांगायला दुसरं खोटं त्याच्याकडे उरलं नव्हतं.

"मावशी, मला ताप नव्हता."

"ते कळलं हो मला. आयुष्य बालवाडीत गेलं माझं." त्यांनी थर्मास पुढे सरकवला. "सूप मात्र खरं आहे. प्या."

त्याने उठून डबा उतरवला, उघडला. मेणातले दात धूळ खात पडले होते. बाईंनी वाकून पाहिलं. "तयार तर दिसतायत. मग अडलं कुठे?"

"एकदा चुकले. पुन्हा चुकतील म्हणून हातच लावला नाही. डोळ्यांवर भरवसा राहिला नाही माझा." हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. कुणी पाठीवर हात ठेवेल, अशी कुठेतरी आशा होती त्याला.

"मग तसं सांगायचं," बाई म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतले असते. बहीण भेटली असती."

त्यांनी रुमाल तोंडावर धरला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. त्यांना सोडायला खाली जावं, एवढंही बिजलीला सुचलं नाही.

त्याने यंत्राची वायर काढली. भिंगाचा दिवा ओढला आणि दात मेणातून सोडवून पहिल्यापासून लावायला घेतले. शंका आली तिथे त्याने साचा उचलला आणि गल्लीपलीकडच्या कवळीवाल्याला दाखवायला नेला. इतकी वर्षं ज्याला तो कच्चा म्हणायचा, त्याला. त्याने एक दाढ जराशी फिरवून दिली आणि साचा परत हातात ठेवला.

कवळी घेऊन बिजली स्वतः दवाखान्यात गेला. "उशीर माझ्यामुळे झाला," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "माल वगैरे सगळं खोटं होतं. मी गेम खेळत बसलो होतो."

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. "आणि मी तुमचं नाव राखायला बाईंना माल आला नाही अशीच थाप मारत होते," त्या म्हणाल्या.

बाईंना बोलावून घेतलं होतं. कवळी बसली. बाईंनी आरशात पाहिलं, "ससा, शिडी, सरस्वती" असं काहीबाही म्हणून पाहिलं आणि पर्समधून फोन काढून तिथेच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, बघ आता!" पलीकडून कुणीतरी हसलं आणि मग रडायला लागलं. बिजली दाराआड उभा होता तो तसाच बाहेर पडला.

घरी त्याने यंत्र बैठकीतल्या टीव्हीखाली ठेवलं आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "ह्यांना जेवायलाही फुरसत नसते, असं मी सगळ्यांना सांगत होते," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

खेळ त्याने सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत खेळतो, बायको कपड्यांच्या घड्या करता करता मधूनच मान वर करून बघते. कारखान्यात चाक आता कामापुरतंच फिरतं. डॉक्टरीणबाई काम देतात, पण पूर्वी कधी न विचारणाऱ्या त्या आता दोनदोनदा विचारतात, "झालं? खरंच झालं?" तो "झालं" म्हणतो आणि झालेलं असतं, तरी कान गरम होतात.

परवा औषधाच्या दुकानासमोर बालवाडीच्या बाई भेटल्या. त्याने रस्ता ओलांडायला पाय उचलला होता, पण त्यांनी हाक मारली. बोलणं थांबेना त्यांचं. पुढच्या वर्षी बहीण पुन्हा यायचं म्हणतेय, गुडघ्यांनी साथ दिली तर.

"येतील हो, नक्की येतील," बिजली म्हणाला.

"तुम्हाला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या आणि मोकळं हसल्या. दात छान बसले होते. बिजलीने पाहिले आणि मान खाली घातली.