साळुबाई ट्रॅक्टरपुढं बसली त्याची गोष्ट

साळुबाईचा स्वभाव मुळातच भित्रा. विहिरीत वाकून बघायचं म्हटलं तरी तिचे हात गार पडत. तिचा नवरा चांगदेव मात्र मनात आलं की बोलून मोकळा होणारा. बोरी बुद्रुकला त्यांच्या शेताला लागूनच ओढा होता. पूर्वी तो दिवाळी झाली की आटायचा. चांगदेवनं वस्तीवरच्या माणसांना गोळा करून रिकाम्या गोण्यांत माती भरली, दोन बंधारे घातले, काठाला करंज आणि वाळुंजाची झाडं लावली. काही पावसाळ्यांनी ओढ्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकायला लागलं. कासवं परत आली. मातीच्या उंच दरडीत वेड्या राघू पाखरांनी बिळं केली. शेतावर भाकरी नेताना साळुबाई तिथं घटकाभर थांबायची.

२००४च्या उन्हाळ्यात वाळूवाले आले. खालच्या अंगाची वाळू संपवून ते दरडीकडं सरकायला लागले. एक बंधारा त्यांनी ट्रॅक्टरला वाट करायला फोडला. चांगदेव त्यांच्याशी भांडला आणि तहसील कचेरीत तक्रार करून आला.

त्यानंतर दोन अनोळखी माणसं मोटरसायकलवरून घरी आली. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायलं. जाताना एकानं विचारलं, "भाऊ रोज याच रस्त्यानं येत्यात ना?"

साळुबाईनं रिकामा तांब्या उचलला आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी तिनं सांगितलं तेव्हा चांगदेव हसला. पण आठवड्याच्या आतच मागून आलेल्या ट्रॅक्टरनं त्याला सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत ढकललं. खांद्याचं हाड मोडलं. लोकांना त्यानं घसरलो म्हणून सांगितलं, खरं काय ते फक्त बायकोला.

तिनं तक्रार मागं घ्यायला हजारदा विनवलं. ओढा गेला तर गेला, माणूस राहू दे, म्हणाली. चांगदेवनं ऐकून घेतलं, आणि सकाळी हात गळ्यात बांधून पुन्हा ओढ्यावर गेला.

साळुबाई चुलीपुढं बसून कान देऊन ऐकत राहायची. ट्रॅक्टरचा आवाज वाढला की उठून दारात यायची. थांबला की अंगणात. एका सकाळी आवाज एकदम बंद पडला. ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून अनवाणी पळाली. चांगदेव करंजाखाली सुखरूप बसला होता. ती तिथंच रडली. असं घरात बसून ऐकणं आता आपल्याच्यानं व्हायचं नाही, एवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली. ट्रॅक्टर दरडीकडं वळला, राघू बिळांतून भराभर बाहेर पडले. साळुबाई आपण काय करतोय हे न कळताच पुढं झाली. चांगदेवनं हाक मारली. तिला मागं फिरायचं होतं, पण पायांतलं बळ गेलं आणि ती मटकन वाळूत बसली. ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला.

ट्रॅक्टरवर पिंपरी पेंढारचा भिका होता. "मावशी, बाजूला व्हा," तो म्हणाला. "मालक मला सोडायचा न्हाई."

"मला उठताच येत न्हाई," साळुबाई म्हणाली. "लई भ्या वाटतंय. तुला वाटत न्हाई का, भाऊ?"

भिकानं मागं रस्त्याकडं पाहिलं. तिथं मालकाची जीप उभी होती. "वाटतं की," तो हळूच म्हणाला. मग त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला.

जीपमधला माणूस बराच वेळ शिव्या देत होता. तोवर वस्तीवरच्या बाया येऊन साळुबाईशेजारी बसल्या होत्या. ती हटून बसली, असं त्यांना वाटलं होतं. पायांतलं बळ गेल्याचं तिनं त्यांना सांगितलं नाही.

उन्हाळाभर त्या पाळीपाळीनं तिथं बसल्या. वाळूवाले दूर खाली सरकले. दरड वाचली, पण खालची वाळू गेली ती गेलीच. भिका पुन्हा दिसला नाही. त्याचं काय झालं, हा घोर साळुबाईला लागून राहिला. पावसाळा सरल्यावर मोडलेल्या खांद्यापायी चांगदेवला गोण्या उचलता येईनात, तेव्हा फुटलेला बंधारा बायांनीच भरला.